खारीच्या जागी कोण खेळलं?

प्रांजली टिकेकर जिना चढून वर आली तेव्हा तिनं टॅब्लेट छातीशी धरला होता, तापानं फणफणलेलं मूल दवाखान्यात आणावं तसा.

“हे बिघडलेलं नाही,” खुर्चीत बसण्याआधीच ती म्हणाली. “सगळे म्हणतात बिघडलंय. मला नाही वाटत. पण मग काय झालंय ते मला सांगता येत नाही. आणि उद्या दुपारी मला तेच सांगायचंय.”

“आधी पाणी,” शरयू वैशंपायन म्हणाली.

जयेंद्रगंजात चष्म्यांच्या दुकानावर शरयूची दोन खोल्यांची कचेरी होती. लग्नाआधीच्या चौकशा, भाडेकरूंची भांडणं, हरवलेली माणसं, असलं काहीबाही घेऊन लोक तिच्याकडे येत. शेजारच्या खुर्चीवर विश्वासराव सुर्वे शेंगा सोलत होते. रोडवेजमधून निवृत्त झाल्यावर घरात करमेना, म्हणून ते शरयूच्या मदतीला येऊ लागले. मदत किती व्हायची कोण जाणे, पण त्यांच्या शंकांनी शरयूचं डोकं चालायचं.

प्रांजलीनं पाणी प्यायलं आणि टॅब्लेट टेबलावर ठेवला.

“हा ‘मेळा’. मी बनवलेला खेळ. तिसरीच्या मुलांसाठी. विद्यापीठात डॉक्टर गर्देसरांची प्रयोगशाळा आहे ना, शिकवणारे खेळ बनवते ती? तिथे पोस्टडॉकची एक जागा निघालीय. तीन वर्षं खेळ बनवायचे आणि मुलं त्यातून कशी शिकतात ते पाहायचं. मी वर्षभर तिथे तात्पुरती काम करतेय, त्या जागेच्या आशेवर.”

“आणि ही नाही मिळाली तर दुसरी शोधा की,” विश्वासराव म्हणाले.

“पीएच.डी.नंतर पाच वर्षांच्या आतच अर्ज करता येतो, काका. माझी पाच वर्षं भरतायत. हे नाही झालं तर परत बंगळूरला, बँकांची ॲपं बनवायला. ते मला येतं. पण ते करून मी इथे आलेय.”

शरयूनं टॅब्लेट स्वतःकडे ओढला. पडद्यावर मेळा उघडला. झेंडूच्या माळा, धुळीचा रस्ता, मागे किल्ल्याची निळी रेघ. आणि खाली ओळीनं दहा प्राणी बसलेले.

“मुलांना नाव-पासवर्ड टाकता येत नाही. म्हणून प्रत्येक मुलाचा एक प्राणी. निधीची खार. खारीला बोट लावलं की निधीचा मेळा उघडतो. ती जिथवर पोचली असेल तिथूनच. जमलं तर खेळ एक पायरी चढतो, नाही जमलं तर गुपचूप एक उतरतो. खेळणाऱ्याच्या मापाचा होत जातो. हेच तर माझं सगळं संशोधन आहे.”

“आणि आज सकाळी?”

“निवड समितीपुढे प्रात्यक्षिक होतं. गोरखीजवळच्या शाळेतली निधी आली, वेणीला नवी रिबन लावून. दिवाळीआधी ती मेळ्यातल्या तराजूच्या, म्हणजे पाढ्यांच्या, दुकानात निमकीच्या पायरीवर होती, अर्ध्याच्या पाढ्यावर. आज तराजूनं तिला पहिलाच प्रश्न विचारला, औट सत्ते किती.”

“औट?” विश्वासरावांची शेंग हातातच राहिली. “बाप रे. औट म्हणजे साडेतीन. साडेतीन साते. आमच्या मास्तरांनी छडी मारमारून आम्हाला दिडकीपर्यंत आणलं आणि हात टेकले.”

“मलासुद्धा औट म्हणजे काय ते आमच्या लॅबमधल्या लीलाताईंनी सांगितलं. ती सगळ्यात वरची पायरी. तिथवर कुणी जाणारच नव्हतं.” प्रांजलीनं पाण्याचा पेला बाजूला सरकवला. “निधी रडायला लागली. मी तिला दुसऱ्या दुकानात नेलं. तिथे झाकणांखाली वस्तू असतात, कुठे काय होतं ते लक्षात ठेवायचं. निधी सहा झाकणं खेळते. तिला आज दिली दोन. फक्त दोन. ती रडता रडता हसायला लागली. समितीवाले पण हसले.”

“म्हणजे एक दुकान फार अवघड, दुसरं फारच सोपं.”

“आणि तिसरं, पाळणा. पाळणा खाली आला की टिचकी मारायची. तोही असा मंद झालाय की मुलं कंटाळतील. भोपाळहून आलेल्या अध्यक्षबाई म्हणाल्या, तुम्ही म्हणता हा मुलाच्या मापाचा होतो, हा तर कुणाच्याच मापाचा नाही. उद्या दुपारी परत दाखवा. पण नुसता नीट करून आणू नका. आज का चुकला ते कारण सांगा. नाहीतर उद्या वर्गात चुकणार नाही कशावरून?”

“बरोबर बोलल्या,” शरयू म्हणाली. “तुमच्याविरुद्ध दुसरा उमेदवार कोण आहे?”

प्रांजलीनं नजर चुकवली. “शंतनु पागे. आमच्याच लॅबमध्ये आहे. पण मी कुणाचं नाव घेत नाहीये.”

“घेतलं की आता,” विश्वासराव पुटपुटले.

प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली होती. भिंतीवर मुलांनी रंगवलेले कागद, बुटक्या खुर्च्या, कोपऱ्यात पत्र्याचं कपाट. टॅब्लेट त्या कपाटात असायचे. सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी, म्हणून बरेच दिवस मुलं आलीच नव्हती. कपाटाच्या किल्ल्या चार. प्रांजली, शंतनु, लीलाताई आणि सर.

“प्रात्यक्षिकाआधी तुम्ही तपासलं नव्हतं?” शरयूनं विचारलं.

“तपासलं ना. माझं मांजर उघडून. सगळं ठीक होतं. मुलांचे प्राणी मी उघडत नाही, नाहीतर माझ्या खेळण्यानं त्यांच्या पायऱ्या हलतात.”

“कुणी कधी खेळलं, त्याची नोंद?”

“मुद्दाम ठेवत नाही. लहान मुलांवर पाळत कशाला? प्राणी कुठल्या पायरीवर आहे, एवढंच खेळाला ठाऊक.”

शरयू बुटक्या खुर्चीवर बसली आणि एकेक प्राणी उघडून पाहू लागली. ससा ठीक होता, बदकही. मोर मात्र खारीसारखाच. तराजू औटकीवर, त्या साडेतीनच्या पाढ्यावर, झाकणं दोन, पाळणा मंद. मग कासव, हरीण, चिमणी, पोपट. प्रत्येकाची तीच तऱ्हा, कुठे एखादी पायरी मागे, कुठे पुढे.

“आणि हा हत्ती कुणाचा?”

“कुणाचा नाही. पाहुण्यांसाठी. सर म्हणाले होते, एक प्राणी मोकळा ठेव, मुलांच्या प्राण्यांना कुणी हात लावायला नको. म्हणून हत्ती घातला.”

हत्ती उघडला. तराजू वर चढलेला, पण औटकीपर्यंत नाही. झाकणं तीन. कुणीतरी एकदाच, थोडा वेळ खेळून सोडलेला.

“विश्वासराव, खेळता का?”

“मी? या वयात?”

“प्रांजली, यांना एक नवा प्राणी द्या.”

प्रांजलीनं एक अस्वल काढून दिलं. विश्वासरावांनी आधी खेळाला नावं ठेवली, पण खेळायला लागल्यावर त्यांची जीभ दातांखाली गेली. तराजूत ते भराभर चढले. समोर वाळूचं घड्याळ चालू असायचं, वाळू सरायच्या आत उत्तर द्यायचं. फोन काढून हिशेब करायला सवडच नाही. दिडकीला ते अडखळले. झाकणांत पाचावर पोचले. पाळणा मात्र त्यांना दर वेळी हुलकावणी द्यायचा, आणि हळूहळू तो मंद होत खारीच्या पाळण्याइतकाच मंद झाला.

“डोळ्याला दिसतं हो,” ते म्हणाले. “पण बोट पोचेपर्यंत तो गेलेला असतो.”

शरयू त्या मंद पाळण्याकडे बराच वेळ बघत राहिली.

शंतनु पागे बाहेरच्या ओट्यावर उभा होता. उंच, विसकटलेल्या केसांचा. लपवाछपवी न करता म्हणाला, “मॅम, सच बताऊं? मला ही पोस्ट हवीय. पण अशी नाही. कल लोग क्या कहेंगे, प्रांजलीचा गेम क्रॅश झाला म्हणून याला मिळाली?”

“तुम्ही म्हणाला होतात असं ऐकलं, हा खेळ समितीपुढे टिकणार नाही?”

“म्हणालो होतो. ग्राफिक्सबद्दल म्हणालो होतो. तिचा किल्ला बघितलात? इडलीसारखा दिसतो.”

“कोड कुणी बदललंय का?”

“मीच चेक केलं, सकाळी, तिच्यासमोर. एक अक्षर हललेलं नाही. बदलल्यात त्या फक्त पायऱ्या. आणि मला बिघडवायचंच असतं ना, तर पाच मिनिटांत सगळं उडवलं असतं. बसून खेळत कोण बसेल?”

“औट सत्ते किती?”

शंतनुचा हात सवयीनं खिशातल्या फोनकडे गेला. “काय किती?”

“जाऊ द्या. जरा हा पाळणा खेळून दाखवा.”

त्यानं ससाण्यानं झडप घालावी तशा टिचक्या मारल्या. पाळणा गरगरत वरच्या पायरीवर गेला आणि थांबला, कारण त्याच्या वर पायरीच नव्हती.

लीलाताई खानवलकर गणिताच्या निवृत्त शिक्षिका. तराजूचे प्रश्न त्यांनीच रचलेले. मुलं घाबरतील म्हणून औटकी काढून टाकू, असं प्रांजली म्हणाली तेव्हा त्यांनी दोन दिवस अबोला धरला होता. लॅबच्या टोकाला त्या स्वेटर विणत बसल्या होत्या.

“तू शरयू,” चष्म्यावरून बघत त्या म्हणाल्या. “सातवी ब. खिडकीकडचा दुसरा बाक. तुझ्या डब्यातलं लोणचं नेहमी वहीला लागायचं.”

शरयू चमकली. “बाई, तुम्हाला आठवतं?”

“मला सगळं आठवतं, तोच तर त्रास आहे. या मुलांचंसुद्धा सांगते. निधी खार, समरजीत मोर, ध्रुव कासव, अवंतिका हरीण…” त्यांनी सगळी मुलं त्यांच्या प्राण्यांसकट सुयांच्या तालावर म्हणून दाखवली. कुठेही अडल्या नाहीत.

“औटकी येते तुम्हाला?”

“रचलीय कुणी?”

“प्रांजलीवर राग आहे तुमचा, असं ऐकलं.”

“राग आहेच. जिलब्या आणि पाळणे कशाला हवेत पाढ्यांना? पण राग आला की मी तोंडावर बोलते. पोरीच्या पाठीमागे तिच्या खेळातलं पोर नाही रडवणार.” त्यांनी एक टाका उसवला. “आणि खेळायचंच असतं तर मी हत्ती घेतला असता. खार निधीची आहे हे ठाऊक असताना तिला कोण हात लावील?”

डॉ. मधुसूदन गर्दे यांची खोली पेरूच्या झाडाकडे उघडत होती. सर उठून उभे राहिले, पांढरे केस नीट मागे वळवलेले, शर्टाची इस्त्री कडक.

“या, या. कुठून आलात, पडावाकडून?”

“जयेंद्रगंजातून.”

“मग जवळच. चहा घ्याल ना?”

चहा आला. विश्वासरावांनी बशीत ओतून घेतला. सर खेळांबद्दल बोलू लागले, आणि बोलायला लागले की ऐकत राहावं असं ते बोलत. मूल चुकलं की आपण त्याला चूक म्हणतो, खेळ त्याला परत ये म्हणतो, एवढाच फरक आहे, पण त्यावर आयुष्य खर्ची घालता येतं, असं काही. प्रांजलीबद्दल म्हणाले, “अशी मुलगी वीस वर्षांत पाहिली नाही. पण समितीत मी एकटा नाही.”

“कपाटाची किल्ली तुमच्याकडेही आहे, सर.”

“आहे. पण कपाटाशी माझं काय काम?” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले.

“औटकी इथे कुणाकुणाला येते?”

सर हसले. सकाळपासून पहिल्यांदाच मोकळं हसले असावेत. “औट नवे साडेएकतीस. औट दाहे पस्तीस. संध्याकाळी दिवा लागला की वडील म्हणवून घ्यायचे. शुभंकरोती झालं की पावकीपासून औटकीपर्यंत. झोपेतून उठवून विचारा.”

शिपाई कपबशा घेऊन गेला. मागोमाग प्रांजली उद्याच्या खोलीबद्दल विचारायला आली. सरांनी तिला समजावून सांगितलं, ती गेली, आणि ते पुन्हा पाहुण्यांकडे वळले.

“माफ करा, तुमच्याकडे लक्षच गेलं नाही. चहा घेणार ना? आणि आलात कुठून, पडावाकडून?”

विश्वासराव तोंड भरून हसले. “घेऊ की.”

दुसरा चहा शरयूनं अगदी सावकाश प्यायला.

बाहेर व्हरांड्यात विश्वासराव म्हणाले, “माणूस असावा तर असा. दोनदा चहा पाजला. आजकाल लोक एकदा विचारत नाहीत.” मग आवाज उतरवून, “ताई, मला सांगा, तो शंतनुच ना? त्याच्याशिवाय फायदा कुणाचाय?”

“फायदा त्याचाच. पण फायद्यासाठी कुणी झाकणं सोपी करेल का, विश्वासराव?”

“म्हणजे?”

“चला परत आत. सरांना सांगते, तुम्ही ऐका.”

“सरांना? आणि प्रांजलीला? पैसे… म्हणजे काम तिचंय.”

“तिचंच आहे. म्हणून तर आधी सरांकडे.”

उन्हं कलली होती. पेरूची सावली सरांच्या टेबलावर चढली होती. शरयूनं दार लोटून घेतलं.

“सर, मला सापडलं असं वाटतंय. पण मी कुणाला काही सांगितलेलं नाही. आधी तुम्ही ऐका.”

सरांनी मान हलवली.

“खेळ बिघडलेला नाही. कोडही जसंच्या तसं आहे. म्हणजे पायऱ्या हलल्या त्या एकाच प्रकारानं हलू शकतात. कुणीतरी खेळलं. समितीनं खेळाला नावं ठेवली, की हा कुणाच्याच मापाचा नाही. मला उलटं वाटलं. हा नक्की कुणाच्या तरी मापाचा आहे. खेळानं त्या माणसाचं चित्र काढून ठेवलंय. आपण फक्त ते वाचायचं.

“पहिलं, तराजू. वाळू सरायच्या आत औटकी सांगायची. हिशेब करून नाही जमत, तोंडपाठच हवी. शंतनुला औट हा शब्दच ठाऊक नाही, प्रांजलीला लीलाताईंनी सांगावा लागला. म्हणजे जुन्या पद्धतीनं शिकलेलं माणूस.

“दुसरं, पाळणा. शंतनुनं पाळणा वरच्या टोकाला नेला. विश्वासरावांचा मात्र खारीच्या पाळण्याइतका मंद झाला. त्यांचे डोळे उत्तम, पण साठीनंतर बोट मागे राहतं. म्हणजे वय झालेलं माणूस.”

“धन्यवाद,” विश्वासराव म्हणाले.

“किल्ली असलेली अशी माणसं दोन. लीलाताई आणि तुम्ही.”

सरांनी टेबलावरचं पेन सरळ ठेवलं.

“मला प्रश्न पडला होता तो तिसऱ्या दुकानाचा. औटकी म्हणणारं माणूस दोन झाकणांवर कसं? विश्वासरावसुद्धा पाचापर्यंत गेले. कुणी मुद्दाम केलं म्हणावं, तर ज्याला निधीला रडवायचंय तो झाकणं अवघड करेल, सोपी नाही. आणि त्याला खार पुरे होती. इथे सहा प्राणी बिघडलेत. मोर, कासव, हरीण, जे नुसते बसलेले होते, प्रात्यक्षिकाला येणार नव्हते. आणि एक सातवा. हत्ती.

“त्या हत्तीनंच मला रस्ता दाखवला. तो कुणाचाच नव्हता. त्यावर कुणीतरी एकदाच खेळलंय आणि चित्र तेच आहे, फक्त पुसट. म्हणजे सुरुवात हत्तीपासून झाली. ज्यानं सुरू केलं त्याला मुलांच्या प्राण्यांना हात लावायचा नव्हता, इतकं मन त्याचं चांगलं. मग तो हत्ती सोडून खारीकडे का गेला? मोराकडे का? चोरून खेळणारा माणूससुद्धा आपला प्राणी धरून राहतो. रोज नवा प्राणी तोच घेईल, ज्याला काल आपला कोणता होता ते आठवत नाही.”

शरयूनं बरोबर आणलेला टॅब्लेट टेबलावर ठेवला.

“आणि मग झाकणांचा अर्थ लागला. लहानपणचं सगळं जागच्या जागी. आत्ता झाकणाखाली काय होतं, ते मात्र निसटतं. लीलाताईंना माझ्या सातवीतलं लोणचं आठवतं आणि सगळ्या मुलांचे प्राणी पाठ आहेत. त्या नव्हेत.” शरयूचा आवाज अगदी हळू झाला. “सर, आज तुम्ही आम्हाला एकच चहा दोनदा विचारलात. मी कुठून आले तेही.”

विश्वासरावांनी एकदम मान खाली घातली. आपण तो दुसरा चहा हसत हसत घेतला होता, हे त्यांना आता कळलं.



“पण हे चुकतंय,” सर म्हणाले. रागानं नाही, एखाद्या विद्यार्थ्याला समजवावं तसं. “खेळलो मी. संध्याकाळी सगळे गेल्यावर. तेवढं मान्य. कपाटाशी काम नाही म्हणालो ते खोटं बोललो, तेही मान्य. पण मुलांचे प्राणी मी नाही घेतले. मी तर रोज हत्तीच घेत होतो.”

शरयूनं टॅब्लेट त्यांच्यापुढे सरकवला. हत्ती उघडून दाखवला, मग खार, मग मोर.

सरांनी चष्मा काढला.

“रोज हत्ती,” ते पुन्हा म्हणाले. “मला स्पष्ट आठवतंय. त्याची झूलसुद्धा आठवतेय, लाल.” मग थोड्या वेळानं, “म्हणजे तेही गेलं तर.”

“कधीपासून, सर?”

“उन्हाळ्यापासून. एक दिवस बाड्यावरच्या बाजारात भाजी घेऊन उभा राहिलो आणि घर कुठल्या बाजूला ते उमगेना. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की लोक आपल्याशी हळू बोलायला लागतात. म्हणून या सुट्टीत इथे येऊन तराजू खेळायचो. औटकी भराभर यायची, वाटायचं, शाबूत आहे मी. झाकणं चुकायची… ती लहान मुलांची आहेत म्हणून मनावर घ्यायचो नाही.” त्यांनी वर पाहिलं. “सकाळी ती पोर रडली तेव्हा मला शंकासुद्धा आली नाही हो. मी समितीबरोबर बसून मान हलवली.”

“उद्या कारण सांगायचंय प्रांजलीला,” शरयू म्हणाली. “तिनं मला ते शोधायला लावलंय. मी तिला खोटं सांगू शकत नाही. पण ते माझ्या तोंडून तिनं ऐकावं, असं मला वाटत नाही.”

सर उठले. दाराशी जाऊन त्यांनी स्वतः हाक मारली, “प्रांजली. शंतनु. लीलाताई, तुम्हीही या जरा.”

त्यांनी सगळं सांगितलं, उभ्यानंच. एकदा मध्ये थांबले, कुठवर आलो ते विसरल्यासारखे, तेव्हा लीलाताईंनी हळूच दुवा जोडून दिला. प्रांजली रडली नाही. ती म्हणाली, “नको, सर. मी काही सांगत नाही समितीला. वायरस म्हणेन, काहीही म्हणेन. शंतनु, तू घे ही पोस्ट.”

“पागल झालीयेस का?” शंतनु म्हणाला. “मला दान नकोय. आणि वायरस म्हटलंस तर मीच उभा राहून सांगेन की झूठ है. कोड मी चेक केलंय.”

“प्रांजली,” सर म्हणाले, “माझी लाज राखायला तू आपला खेळ खोटा पाडणार? तो तर माझ्याशीसुद्धा खोटं बोलला नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी समिती बसली. पुन्हा रडावं लागू नये म्हणून निधीला बोलावलंच नव्हतं. शरयू आणि विश्वासराव मागच्या भिंतीशी उभे होते.

अध्यक्षबाई म्हणाल्या, “प्रात्यक्षिकाला मूल कुठाय?”

गर्देसर समितीच्या टेबलामागून उठले. आपल्या नावाची पाटी त्यांनी पालथी ठेवली, आणि पुढे येऊन त्या बुटक्या खुर्चीवर बसले. त्यांचे गुडघे जवळजवळ छातीला लागले.

“खेळणारा मी आहे,” ते म्हणाले. “काल मुलीला जे दिसलं ते माझं माप होतं. मी तिच्या प्राण्यावर खेळलो, आणि खेळलो हे मला ठाऊक नव्हतं. का ते आता तुम्हाला दिसेल. प्रांजलीनं आज मला कोरा प्राणी दिलाय. अगदी पहिल्या पायरीपासून.”

त्यांनी सुरुवात केली. तराजूत ते पाव, निम, पाऊण, सवाई असे चढत गेले, ओठ हलत होते, आवाज नव्हता. समितीतले एक गृहस्थ नकळत त्यांच्याबरोबर पुटपुटू लागले. मग झाकणं आली. चार. चुकलं. तीन. सरांनी बराच विचार करून एक झाकण उचललं. रिकामं होतं. पडद्यावर ना लाल फुली आली, ना कर्कश आवाज. मेळ्यातला दुकानदार नुसता हसला आणि दोनच झाकणं पुढे सरकवली. एकाखालून भिरभिऱ्याची कड किंचित बाहेर दिसत होती.

सरांनी ते झाकण उचललं. भिरभिरं फिरलं.

अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं. “सर,” त्या जरा वेळानं म्हणाल्या, “त्रास होतोय का? थांबवूया?”

“नाही, नाही,” सर पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. “मला जमेल एवढंच विचारतो हा.”

अध्यक्षबाईंनी दोन्ही बाजूंच्या सदस्यांकडे पाहिलं. दोघांनीही मान डोलावली.

“डॉक्टर टिकेकर,” त्या म्हणाल्या, “कारण मिळालं आम्हाला. तुम्ही कामावर कधीपासून येऊ शकाल?”

प्रांजली बुटक्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली होती. तिनं मान वर केली, पण सरांनी त्याच वेळी पुढच्या झाकणाकडे बोट नेलं होतं आणि ते हवेतच थांबलं होतं.

“सांगते,” ती म्हणाली. “सरांचा हा डाव होऊ द्या.”